स्वतः भरलेले काडतूस स्वस्त पडते का?

१. प्रश्न आणि प्रतिपादन

एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता तिच्यात नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ती पुन्हा वापरणे, याला रिलोडिंग किंवा पुनर्भरण म्हणतात. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील काही देशांत नेमबाज आणि शिकारी हे काम घरच्या घरी करतात. त्याविषयी एक समज सर्वत्र पक्का बसलेला आहे: कारखान्याचे काडतूस विकत घेणारा पैसे उधळतो आणि स्वतः भरणारा निम्मा खर्च वाचवतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील मुले एअर रायफलवर हात बसल्यानंतर .२२ रायफलकडे किंवा १२ बोअरच्या बंदुकीकडे वळू लागली, की दारूगोळ्याच्या खर्चाने चिंतेत पडलेल्या पालकांच्या कानावरही हाच समज येतो.

हा समज उथळ आहे. पुनर्भरणाने एका बाराचा खर्च कमी होऊ शकतो, पण त्यामुळे नेमबाजाचा एकूण खर्च कमी होतोच असे नाही. खरी बचत व्हायची तर चार अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. काडतूस पुन्हा भरता येण्याजोगे हवे. कारखान्याच्या काडतुसाची किंमत आणि सुट्या भागांची किंमत यांत भरपूर तफावत हवी. वर्षाकाठी उडणाऱ्या काडतुसांची संख्या मोठी हवी. आणि सुटे भाग कायदेशीर मार्गाने मिळवून सुरक्षित ठेवता यायला हवेत. यांतील एक अट सुटली तरी हिशेब कोसळतो. ठाणे-कल्याण परिसरात या चारही अटी पुऱ्या करणारा नेमबाज जवळजवळ सापडणार नाही. म्हणून या परिसरापुरते उत्तर स्पष्ट आहे: कारखान्याचेच काडतूस स्वस्त पडते. हे उत्तर कसे निघते, ते पुढे क्रमाने पाहू.

२. काडतुसाची किंमत कशाकशाची असते

२.१ चार भाग

काडतुसाचे भाग चार. तळाशी आघाताने पेटणारी टोपी, म्हणजे प्रायमर. आत जळणारी दारू. पुढे बसवलेली शिशाची किंवा तांब्याचे आवरण असलेली गोळी. आणि या तिघांना एकत्र धरणारी पुंगळी. बार झाला की टोपी निकामी होते, दारू जळते आणि गोळी निघून जाते. हाती उरते ती फक्त पुंगळी, आणि पुनर्भरणाचे सारे अर्थशास्त्र या उरलेल्या भागावर उभे आहे.

२.२ पुंगळी महाग का

रायफल आणि पिस्तुलाच्या काडतुसांत पुंगळी हा बहुधा सर्वांत महाग भाग असतो. तिच्यासाठी सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले पितळ वापरतात. या पितळाची चकती कापून आधी तिचा उथळ कप करतात. मग तो टप्प्याटप्प्याने ओढून लांबवतात. प्रत्येक ओढीत धातू कडक होतो, म्हणून मधूनमधून तो तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. शेवटी तोंड आवळतात, तळाला कड काढतात आणि टोपीसाठी खळगा करतात. हे काम ठाणे जिल्ह्याला परके नाही. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसांसाठी लागणारे पितळ आणि पितळी कप तयार होतात. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाची सात सरकारी कंपन्यांत विभागणी झाली, तेव्हा हा कारखाना नागपुरात मुख्यालय असलेल्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेला. पूर्ण काडतुसे बनवणारे महाराष्ट्रातील दोन मोठे कारखाने म्हणजे १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना आणि १९६४ मध्ये उभा राहिलेला जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना. ते म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत.

२.३ सामान्य युक्तिवाद आणि त्यातील पोकळी

सामान्य युक्तिवाद असा: पुंगळी महाग, ती तर उरतेच, मग उरलेले तीन भाग घातले की काडतूस निम्म्यात पडते. यात चार गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पुंगळी फुकट आणि अमर आहे, भरण्याची साधने फुकट आहेत, भरणाऱ्याचा वेळ फुकट आहे आणि सुटे भाग दुकानात सहज मिळतात. या चारांपैकी एकही गृहीतक खरे नाही.

३. पुंगळीचे आयुष्य

बाराच्या क्षणी पुंगळी फुगून नळीच्या मागच्या पोकळीला घट्ट चिकटते आणि दाब उतरला की थोडी आकसते. पुन्हा भरण्यापूर्वी तिला मूळ मापावर आणावे लागते. फुगणे आणि आवळणे यांच्या प्रत्येक फेऱ्यात पितळ कडक होते, लांबते आणि तळाजवळ पातळ होत जाते. काही फेऱ्यांनंतर तोंडाला चिरा पडतात किंवा तळाजवळ भेग जाते. कमी दाबाच्या पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी पुष्कळ वेळा चालते, तर जास्त दाबाच्या रायफलीची लवकर टाकून द्यावी लागते. शिवाय प्रत्येक पुंगळी परत मिळत नाही. आपोआप भरणारे पिस्तूल ती बाजूला फेकते आणि रेंजवर ती इतरांच्या पुंगळ्यांत मिसळते.

टोपी बसवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यामुळेही फरक पडतो. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक असते, त्यामुळे जुनी टोपी सहज काढता येते. बर्डन पद्धतीत दोन बारीक भोके बाजूला असतात आणि जुनी टोपी काढणे किचकट होते. लष्करी वापरासाठी मोठ्या प्रमाणावर बनलेल्या अनेक देशांतील काडतुसांत बर्डन पद्धत आढळते. अशी पुंगळी उरली तरी तिची किंमत व्यवहारात भंगाराइतकीच असते.

म्हणून पुंगळीची किंमत शून्य धरणे चूक आहे. तिची किंमत तिच्या वापरांच्या संख्येने भागून प्रत्येक बारावर टाकली पाहिजे.

४. साधनांचे भांडवल

४.१ हिशेबाची पद्धत

पुनर्भरणाला दाबयंत्र, प्रत्येक मापासाठी वेगळे साचे, अचूक तराजू, दारू मोजण्याचे साधन, पुंगळ्या स्वच्छ करण्याचे यंत्र, लांबी मोजण्याची आणि छाटण्याची हत्यारे लागतात. या सगळ्याचा खर्च पहिल्याच दिवशी होतो, बचत मात्र एकेका बाराने येते. म्हणून खरा प्रश्न असा आहे: किती काडतुसांनंतर साधनांचे पैसे वसूल होतात? साधनांच्या एकूण खर्चाला प्रत्येक काडतुसामागच्या निव्वळ बचतीने भागले की ती संख्या मिळते.

४.२ एक धरलेले उदाहरण

पुढील आकडे बाजारभाव नाहीत. पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून ते धरले आहेत. समजा, कारखान्याचे काडतूस ६० रुपयांना मिळते. टोपी, दारू, गोळी आणि पुंगळीची झीज मिळून स्वतः भरलेल्या काडतुसाला ३५ रुपये लागतात. वरवरची बचत २५ रुपये. साध्या दाबयंत्रावर तासाला सुमारे ५० काडतुसे भरून होतात. भरणाऱ्याच्या तासाची किंमत फक्त २०० रुपये धरली, तरी प्रत्येक काडतुसामागे ४ रुपये गेले. निव्वळ बचत २१ रुपये. साधनांचा खर्च ७५ हजार रुपये धरला, तर तो वसूल होण्यासाठी सुमारे ३,६०० काडतुसे उडवावी लागतील.

४.३ व्याज विसरले की हिशेब बिघडतो

हेच ७५ हजार रुपये बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला ५,२५० रुपये व्याज आले असते. आता तीन नेमबाज पाहू. पहिला वर्षाला २०० काडतुसे उडवतो. त्याची वार्षिक बचत ४,२०० रुपये होते, म्हणजे बुडालेल्या व्याजापेक्षाही कमी. त्याचे पैसे कधीच वसूल होत नाहीत. दुसरा वर्षाला ५०० उडवतो. त्याची बचत १०,५०० रुपये होते आणि व्याज धरल्यास वसुलीला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. तिसरा वर्षाला २,००० उडवतो. त्याची बचत ४२ हजार होते आणि सुमारे दोन वर्षांत साधने फिटतात.

आकडे बदलले तरी उदाहरणाचा सांगावा बदलत नाही. पुनर्भरणाचा फायदा हौशी माणसाचा नसतो, सतत आणि मोठ्या संख्येने नेम मारणाऱ्याचा असतो. थोडी काडतुसे वापरणाऱ्याला ते नेहमीच महाग पडते, आणि नेमका तोच 'निम्म्यात पडते' या वाक्याने भुलतो.

५. काडतुसाचा प्रकार निर्णय ठरवतो

सर्व काडतुसे पुनर्भरणाला सारखी नसतात. ठाणे-कल्याण परिसरातील नेमबाज प्रत्यक्षात काय वापरतात ते प्रकारवार पाहिले, की अर्धा वाद तिथेच मिटतो.

५.१ एअर रायफल आणि एअर पिस्तूल

या खेळात येणारे बहुतेक जण १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाने सुरुवात करतात. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक याच रायफल प्रकारात मिळवले. यात ४.५ मिलिमीटरची शिशाची पेलेट दाबलेल्या हवेने सुटते. पुंगळी नाही, टोपी नाही, दारू नाही. म्हणजे पुनर्भरणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

५.२ .२२ रिमफायर

पुढची पायरी .२२ ची. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते याच काडतुसाने. यात वेगळी टोपी नसते. पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या तळाच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि घोड्याची सुई ती कडच चेपते. एकदा चेपलेली कड पुन्हा भरणे व्यवहार्य नाही. स्पर्धेच्या पात्रता फेरीत साठ बार, त्याआधीचा सराव आणि रोजचा सराव धरला, तर .२२ हेच सर्वाधिक खपणारे काडतूस ठरते. म्हणजे ज्या काडतुसावर सर्वांत जास्त पैसे जातात, तेच पुन्हा भरता येत नाही.

५.३ १२ बोअर

ट्रॅप आणि स्कीट या उडत्या लक्ष्यांच्या प्रकारांत १२ बोअरची काडतुसे लागतात. इथे पुंगळी प्लास्टिकची असते आणि तिची किंमत कमी. सर्वांत जड आणि खर्चिक भाग म्हणजे शिशाचे छर्रे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्यांचे वजन २४ ग्रॅमपर्यंत असते. छर्रे दर वेळी नवेच लागतात. उरणारा भाग स्वस्त आणि संपणारा भाग महाग, अशी ही उलटी स्थिती आहे. त्यातच कारखाने ही काडतुसे प्रचंड संख्येने आणि वेगवान यंत्रांवर बनवतात. म्हणून जिथे सुटे भाग मुक्तपणे मिळतात, त्या अमेरिकेतही साध्या १२ बोअर काडतुसांच्या पुनर्भरणातून फारसे काही हाती लागत नाही.

५.४ सेंटरफायर पिस्तूल आणि मोठ्या रायफली

सेंटरफायर म्हणजे तळाच्या मधोमध वेगळी टोपी असलेले काडतूस. पुनर्भरणाला खरा अर्थ येतो तो येथे. २५ मीटर सेंटरफायर पिस्तुलात वापरले जाणारे .३२ चे काडतूस कमी दाबाचे असते आणि त्याची पुंगळी पुष्कळ टिकते. ३०० मीटर रायफलीची काडतुसे कारखान्यातून घेतली तर फार महाग पडतात आणि युरोपातील अनेक स्पर्धक ती स्वतः भरतात. पण हे प्रकार खेळणारे नेमबाज मोजकेच असतात. ठाणे-कल्याणसारख्या नागरी परिसरात ३०० मीटरच्या सरावाला जागाच नाही.

६. बचत खर्चातच विरते

समजा एखाद्या नेमबाजाला प्रत्येक बारावर खरोखरच बचत झाली. पुढे काय होते? बार स्वस्त पडू लागला की तो जास्त बार काढतो. महिन्याला शंभर उडवणारा दोनशे उडवू लागतो. खेळाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, पण खर्चाच्या दृष्टीने बचत झालेली नसते. त्याच पैशात अधिक सराव झालेला असतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'पुनर्भरणाने सराव वाढतो' हे विधान अनेकदा खरे असते. 'पुनर्भरणाने पैसे वाचतात' हे विधान त्यातून सिद्ध होत नाही. घरखर्चाचा विचार करणाऱ्या पालकाला यांतील दुसऱ्याच विधानाचे उत्तर हवे असते, आणि ते बहुधा नकारार्थी आहे.

७. कायदा आणि सुट्या भागांचा बाजार

७.१ कायद्याच्या व्याख्येत काय येते

अमेरिकी नेमबाजाचा हिशेब भारतात जसाच्या तसा लागू होत नाही, याचे सर्वांत मोठे कारण १९५९ चा शस्त्र कायदा. या कायद्यातील दारूगोळ्याची व्याख्या केवळ तयार काडतुसापुरती नाही. बंदुकीत भरण्याचे बार, त्यांना लागणारे साहित्य, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्री, हे सारे त्या व्याख्येत येते. म्हणजे भरलेले काडतूस तर सोडाच, ते भरण्याचे यंत्रही कायद्याच्या नजरेतून सुटत नाही.

त्याच कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्यासाठी परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा साधा परवाना म्हणजे बनवण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना निर्मितीची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत वाढवली. तशी स्पष्ट परवानगी हाती नसताना घरी काडतूस भरणाऱ्याने पैशांच्या हिशेबात ही जोखीम कोणत्या रकान्यात लिहायची, याला उत्तर नाही. कोणतीही बचत तिची भरपाई करू शकत नाही.

७.२ परवान्यावरील संख्या

शस्त्र परवान्यावर एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षात किती विकत घेता येतील, याची नोंद असते. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर आणि अंबरनाथ ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात आणि तेथे परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. आत्मसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्याला मिळणारी संख्या थोडी असते. वर पाहिल्याप्रमाणे पुनर्भरणाचा फायदा संख्येवर अवलंबून आहे, आणि ती संख्याच परवान्याने बांधलेली आहे. खेळाडूंना जास्त मर्यादा मिळते हे खरे, पण त्यांचा मोठा खप .२२ चा, आणि ते काडतूस पुन्हा भरता येत नाही.

७.३ तफावत का उरत नाही

ज्या देशात टोपी आणि दारू दुकानात सुटी मिळते, तेथे तयार काडतूस आणि सुटे भाग यांचे दोन वेगळे बाजार असतात आणि त्यांच्या किमतींतील तफावत हीच बचत असते. भारतात टोपी आणि दारू तयार काडतुसाइतक्याच कडक नियंत्रणाखाली आहेत. परवाना, आयातीची परवानगी, जकात, वाहतुकीचे नियम आणि अधिकृत विक्रेता हे सर्व टप्पे सुट्या भागांनाही लागू होतात. थोड्या संख्येने आणि इतक्या टप्प्यांतून आलेला सुटा भाग स्वस्त राहूच शकत नाही. तफावतच उरली नाही, तर पुंगळी शंभर वेळा टिकूनही उपयोग नाही.

८. दाट वस्ती आणि धोक्याची किंमत

२०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या १२ लाखांच्या आणि ठाणे शहराची १८ लाखांच्या पुढे होती. येथील बहुसंख्य कुटुंबे इमारतीतील लहान सदनिकांत राहतात. अमेरिकी उपनगरात पुनर्भरणाची जागा म्हणजे घरापासून वेगळे गॅरेज किंवा तळघर असते. येथे तशी जागा म्हणजे स्वयंपाकघराशेजारची खोली, आणि भिंतीपलीकडे दुसरे कुटुंब. धूरविरहित दारू उघड्यावर भडकून जळते आणि टोप्यांचा साठा एकाच वेळी पेटू शकतो. टोप्यांतील मिश्रणात बहुधा शिशाचे संयुग असते. पुंगळ्या साफ करताना उडणारी धूळ लहान मुलांच्या शरीरात जाणे ही खरी आरोग्याची हानी आहे.

स्फोटक पदार्थांची हाताळणी किती नाजूक असते, हे व्यावसायिक कारखान्यांवरून कळते. प्रशिक्षित कामगार, वेगळ्या इमारती आणि कडक शिस्त असूनही २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट होऊन कामगार दगावले. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले आणि परिसरातील घरांच्या काचा फुटल्या. त्या घटनांचा काडतुसांशी संबंध नव्हता. पण वस्तीला चिकटून धोकादायक पदार्थ ठेवले की जोखीम मालकापुरती राहत नाही, हे डोंबिवलीकरांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. जी किंमत शेजाऱ्याला मोजावी लागू शकते, ती स्वतःच्या हिशेबातून वगळून 'बचत' म्हणणे नैतिकदृष्ट्याही चुकीचे आहे.

९. संभाव्य आक्षेप

९.१ 'हा छंद आहे, वेळेची किंमत का धरायची?'

छंद म्हणून पुनर्भरण करणाऱ्याला त्या कामातच आनंद मिळत असेल, तर वेळ शून्य किमतीचा धरायला हरकत नाही. वरच्या उदाहरणात मग निव्वळ बचत २५ रुपये होईल आणि साधने ३,००० काडतुसांत वसूल होतील. निष्कर्ष थोडा हलतो, पण उलटत नाही. वर्षाला २०० काडतुसे उडवणाऱ्याची बचत ५,००० रुपये होते, तीही व्याजापेक्षा कमीच. शिवाय छंदावर होणारा खर्च हा छंदाचा खर्च आहे. त्याला बचत म्हणण्याची गरज नाही.

९.२ 'स्वतः भरलेले काडतूस अधिक अचूक असते'

मोठ्या रायफलींबाबत हे बरेचसे खरे आहे. प्रत्येक काडतुसात दारूचे वजन आणि गोळीची बैठक सारखी ठेवता येते आणि ती विशिष्ट नळीला जुळवून घेता येते. पण हा गुणवत्तेचा मुद्दा आहे, स्वस्ताईचा नाही. अचूकतेसाठी भरणारा महागड्या गोळ्या आणि पुंगळ्या वापरतो, नीट न बसलेली काडतुसे बाजूला काढतो आणि जास्त वेळ देतो. त्याचे काडतूस कारखान्याच्या साध्या काडतुसापेक्षा अनेकदा महागच पडते. .२२ मध्ये तर अचूकतेचा मार्ग वेगळाच आहे. एकाच कारखान्यातील वेगवेगळ्या लॉटची काडतुसे आपल्या नळीतून तपासायची आणि जो लॉट सर्वांत जवळजवळ मारा करतो तोच एकदम घ्यायचा, अशी जगभरातील चांगल्या नेमबाजांची पद्धत आहे.

९.३ 'टंचाईच्या काळात रिलोडिंग उपयोगी पडते'

२०२० नंतर अमेरिकेत दारूगोळ्याची मोठी टंचाई झाली. त्या काळात तयार काडतुसांबरोबर टोप्याही दुर्मिळ झाल्या आणि त्यांचे भाव कित्येक पटींनी वाढले. घरी पुंगळी भरता येते, टोपी बनवता येत नाही. ज्याने आधी साठा केला होता तोच तरला, आणि साठा करणारा तयार काडतुसांचाही करू शकला असता. भारतात तर असा साठाच परवान्याच्या मर्यादेत अडकतो.

९.४ 'कोकणातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच बार भरत आले'

कोकणात रानडुकरे आणि माकडांपासून पीक राखण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका दिल्या जातात. तोंडाकडून दारू आणि छर्रे घालून गजाने ठासायचे, मागे केप बसवायची आणि बार काढायचा, ही पद्धत जुनीच आहे. पण तिचा दाखला येथे लागू होत नाही. ठासणीच्या बंदुकीला कारखान्याचे तयार काडतूस चालतच नाही, म्हणून तुलनेची दुसरी बाजूच नाही. तिचा खप हंगामात थोड्या बारांचा असतो. हेतू स्पर्धेचा नसतो, जनावराला हुसकावण्याचा असतो. आणि तिथेही दारू, केप यांची खरेदी परवान्यानेच होते. कोकणातील शेतकरी बार भरतो तो गरजेने. त्यावरून शहरी नेमबाजाने काडतूस भरल्यास त्याचे पैसे वाचतात, असा निष्कर्ष काढता येत नाही.

१०. खर्च खरोखर कमी कसा होईल

पुनर्भरण हा मार्ग नसेल, तर दारूगोळ्याचा खर्च कमी करण्याचे मार्ग कोणते? पहिला म्हणजे कोरा सराव. नळी रिकामी असल्याची खात्री करून, शस्त्रानुसार स्नॅप कॅप, म्हणजे दारू नसलेले सरावाचे नकली काडतूस, वापरून केवळ नेम धरणे आणि घोडा दाबणे याचा सराव एकही काडतूस न उडवता करता येतो. जगभरातील उत्तम नेमबाजांच्या दिनक्रमात तो असतो. नेम हलतो कुठे, हे दाखवणारी इलेक्ट्रॉनिक साधनेही यासाठी मिळतात आणि ती अनेक जणांनी मिळून घेता येतात. दुसरा मार्ग म्हणजे पाया एअर रायफलवर पक्का करणे. पेलेटचा खर्च काडतुसाच्या तुलनेत नगण्य असतो आणि उभे राहणे, श्वास, घोड्यावरचे बोट ही सारी कौशल्ये तिथेच घडतात.

तिसरा मार्ग सामूहिक आहे. दारूगोळा महाग पडतो तो मुख्यतः थोड्या संख्येने, तुकड्या-तुकड्याने आणि उशिरा मिळाल्यामुळे. क्लब आणि संघटनांमार्फत नियमांच्या चौकटीत वर्षाची मागणी एकत्र नोंदवली, एकच चांगला लॉट निवडला आणि त्याचे वाटप केले, तर प्रत्येक बारामागची बचत वैयक्तिक पुनर्भरणापेक्षा अधिक आणि निर्धोक असेल. चौथा मार्ग जागेचा. डोंबिवलीच्या नेमबाजाला वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जाऊन-येऊन सरावाचा बहुतेक दिवस प्रवासात घालवावा लागतो. ५० मीटरची सुसज्ज सार्वजनिक रेंज ठाणे-कल्याण पट्ट्यातच झाली, तर वाचणारा प्रवासखर्च आणि वेळ कोणत्याही दाबयंत्राने होणाऱ्या बचतीपेक्षा मोठा असेल.

११. निष्कर्ष

सेंटरफायर काडतूस, वर्षाला हजारोंची गरज, मुक्त आणि स्वस्त सुटे भाग आणि घरापासून वेगळी सुरक्षित जागा, एवढे सारे जिथे जुळते, तिथे पुनर्भरणाने पैसे वाचतात. ही स्थिती अमेरिकेच्या काही भागांत आहे, ठाणे-कल्याणमध्ये नाही. इथल्या नेमबाजाचा मोठा खप पेलेटचा आणि .२२ चा आहे, आणि ही दोन्ही पुन्हा भरता येत नाहीत. १२ बोअरमध्ये वाचवण्याजोगे फारसे उरत नाही. उरलेल्या थोड्या काडतुसांची संख्या परवान्याने बांधलेली आहे, सुट्या भागांच्या वाटेत कायदा उभा आहे आणि भिंतीपलीकडे शेजारी राहतो.

म्हणून पालकांनी आणि नव्या नेमबाजांनी 'निम्म्यात पडते' या वाक्यावर विसंबून एक रुपयाही साधनांत गुंतवू नये. तेच पैसे चांगल्या प्रशिक्षकावर, कोऱ्या सरावाच्या साधनांवर आणि एका चांगल्या लॉटच्या एकत्रित खरेदीवर खर्च करावेत. क्लबांनी हिशेब उघड मांडावेत आणि ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांकडे सार्वजनिक रेंजची मागणी एकमुखाने करावी.